सहा अटी

"यंदा वेळापत्रक माणसानं काढायचंच नाही," आबा म्हणाले आणि भरल्या खोलीत त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही काढंल. हिच्या मशिनीला ना गाव, ना गोतावळा."

खोलीत सतरा पुरुष होते आणि मी. तालुक्याच्या तालमीवरची ती खोली म्हणजे कबड्डी लीगचं कार्यालय. आठ गावांचे आठ संघ, प्रत्येकाचे दोन प्रतिनिधी, वर लीगचे चिटणीस. आमच्या नांदवड्याकडून आबा, म्हणजे माझे वडील हिंदुराव खराडे, संघाचे अध्यक्ष या नात्याने बसले होते. मी मुंबईत एम.टेक. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. "चल जरा माझ्याबरोबर," एवढंच सांगून त्यांनी मला जीपमध्ये घातलं होतं.

आदल्या वर्षी लीगचा शेवट मारामारीत झाला होता. बावीस वर्षं वेळापत्रक हाताने काढणारे चिटणीस, निवृत्त पी.टी. शिक्षक चिखले सर, बेलवंड्याला घरच्या मैदानावर चार सामने देऊन बसले आणि हिवऱ्याला तीनच. खरं तर सात सामन्यांत कुणाला चार आणि कुणाला तीन येणारच, पण तेवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. सरांच्या स्कूटरचा दिवा फुटला, खुर्च्या उडाल्या. त्यामुळे आबांचं बोलणं सगळ्यांना पटलं, पण मी कुणाला पटले नाही. कारंजवाडीचा एक जण शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाला, की पोरीबाळींनी कबड्डी चालवायची म्हणजे आता टाळ्याच वाजवायच्या. आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो गप्प झाला. त्या क्षणी मला माझ्या वडिलांचा फार अभिमान वाटला होता.

चिखले सरांनी माझ्या हातात आठ पत्रं दिली. प्रत्येक संघाने आपापल्या अडचणी आणि अटी लिहून दिल्या होत्या. कुणाच्या गावची जत्रा, कुणाच्या कप्तानाचं लग्न, कुणाला लागोपाठ दोन सामने बाहेर नकोत. शिवाय लीगचे स्वतःचे नियम होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, सात रविवारांत सगळं उरकायचं आणि प्रत्येक संघाला घरच्या मैदानावर किमान तीन सामने मिळालेच पाहिजेत. हा शेवटचा नियम गेल्या वर्षीच्या मारामारीतून आलेला होता आणि त्यावर सोळाही प्रतिनिधींच्या सह्या होत्या.

घरी येऊन मी कामाला लागले. हे काम मला नवं नव्हतं. माझा प्रबंधच अशा प्रश्नांवर चालला होता. यात उत्तर कसं शोधायचं ते आपण सांगायचं नसतं, फक्त अटी नेमक्या लिहायच्या असतात. एकूण अठ्ठावीस सामने. प्रत्येक सामन्याला दोन प्रश्न, कोणत्या रविवारी आणि कुणाच्या मैदानावर. बाकीचं सॉल्व्हर नावाचा प्रोग्राम बघतो. एखादा सामना एके ठिकाणी ठेवून पाहतो, त्यामुळे कोणते रस्ते बंद झाले ते तपासतो, पुढे अडलं की मागे फिरतो आणि दुसरी वाट धरतो. आठ संघांचं गणित त्याच्यासाठी किरकोळ होतं. मैदानांची माहिती सरांनीच एका तक्त्यात दिली होती, कुठे दिवे आहेत, कुठे कुंपण आहे, कुठून कुठे किती किलोमीटर. मी तो तक्ता भरला, अटी भरल्या आणि बटण दाबून चहा प्यायला उठले.

परत आले तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. उत्तर नाही.

आधी मला वाटलं, माझंच चुकलं. तीन दिवस मी चूक शोधत होते. आबा येताजाता विचारायचे, झालं का. मी म्हणायचे, होईल. त्यांना सांगायला मला लाज वाटत होती. सॉल्व्हरने "उत्तर नाही" म्हणणं हे आपण "किल्ली सापडत नाही" म्हणण्यासारखं नसतं. त्याने सगळ्या शक्यता तपासलेल्या असतात. या अटींमध्ये बसणारं वेळापत्रक जगात अस्तित्वातच नाही, असं तो सांगत असतो.

चौथ्या दिवशी मी उलटं काम सुरू केलं. एकेक अट काढून बघायची. जी काढूनही उत्तर येत नाही ती बाजूला ठेवायची, कारण भांडण तिचं नाही. जत्रा बाजूला गेली, लग्न बाजूला गेलं. असं करता करता एकोणचाळीस अटींतून सहा उरल्या. या सहा एकत्र नांदू शकत नव्हत्या. आणि गंमत अशी, की या सहांतली कुठलीही एक काढली की चुटकीसरशी वेळापत्रक तयार होत होतं.

त्यातली एक लीगचा नियम होता, प्रत्येकाला घरी तीन सामने. उरलेल्या पाच पाच वेगवेगळ्या गावांच्या होत्या. कारंजवाडीला तारेचं कुंपण नसलेल्या मैदानावर खेळायचं नव्हतं, कारण प्रेक्षक आत घुसतात. हिवऱ्याची गाडी ओढ्यावरच्या बसक्या फरशी पुलावरून जाणार नव्हती. बेलवंड्याची मुलं कारखान्यात कामाला, सुटायला उशीर होतो, म्हणून त्यांना दिवे नसलेलं मैदान चालणार नव्हतं. सोनतळीला पंचवीस किलोमीटरपेक्षा लांब जायचं नव्हतं. आणि पाचवी अट, खेळाडूंना कपडे बदलायला बंदिस्त खोली नाही तिथे सामना नको, ही आमच्या नांदवड्याची होती. आबांच्या वळणदार अक्षरात.

मी सरांचा तक्ता पुन्हा उघडला. कुंपण नसलेलं मैदान तालुक्यात एकच होतं. फरशी ओलांडून जावं लागेल असं एकच, दिवे नसलेलं एकच, खोली नसलेलं एकच. सोनतळीपासून पंचवीसच्या पुढे, सत्तावीस किलोमीटरवर असलेलंही एकच. पाचही अटींत त्याचं नाव कुठेच नव्हतं आणि पाचही अटी त्याच्याबद्दलच होत्या. खडकीच्या माळावरची पारधी वस्ती. तिचा संघ एकलव्य क्रीडा मंडळ, लीगमध्ये येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. सात प्रतिस्पर्ध्यांपैकी पाच जण तिथे जाणार नसतील, तर त्यांच्या मैदानावर दोनाच्या वर सामने होऊच शकत नव्हते. सॉल्व्हर बिचारा तेवढंच सांगत होता.

आणि अटी जानेवारी-फेब्रुवारीतल्या सामन्यांसाठी होत्या. त्या दिवसांत त्या ओढ्यात म्हैस डुंबेल एवढंही पाणी नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना न सांगता गाडी काढली आणि माळावर गेले. एकलव्यचे प्रशिक्षक लिंबाजी काळे तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असतील. अंगाने काटक, आवाज बारीक. मैदान बघायचं आहे म्हटल्यावर त्यांनी काही न विचारता दाखवलं. लाल माती दुरून आणून, चाळून, रोलर फिरवून तयार केलेलं असं मैदान आमच्या गावातही नव्हतं. मी म्हटलं, माती फार छान आहे. ते म्हणाले, पहिल्या वर्षी तक्रार मातीची होती, म्हणून आणली. गेल्या वर्षी प्यायच्या पाण्याची होती, म्हणून टाकी बसवली.

"यंदा काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कुंपण, दिवे, खोली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, कुंपण चार दिवसांत होईल, खोली आठ दिवसांत, दिव्यांसाठी जनरेटर आणू. अंतराचं आणि फरशीचं मात्र त्यांच्या हातात नाही. मी म्हटलं, सगळं करायची गरज नाही, पाचांतली एक जरी अट सुटली तरी तीन सामने बसतात. त्यांनी मोजायची बोटं मिटली. मग म्हणाले, "ताई, तुम्ही हिंदुरावांची मुलगी ना? मग घरीच विचारा की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं.

दुपारी आबा जेवून ओसरीवर बसले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सहा अटी, पाच गावं, एक मैदान. ते अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, काळे आठ दिवसांत खोली बांधून देतायत, मग आपली अट आपोआपच पुरी होते.

"मग दुसरी देऊ," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे खोली बांधली तर दुसरी अट देऊ. तुला वेळापत्रक काढायला सांगितलंय, आमची पत्रं उलगडत बसायला नाही."

मी वाद घातला. आवाज चढला. हा अन्याय आहे, ठरवून केलेली चाल आहे, असं मी बोलले. आबा म्हणाले, ठरवलेलं काहीच नाही, पाचांपैकी कुणी कुणाशी बोललेलंसुद्धा नाही. त्यावर माझा विश्वास बसला आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी उपाय सांगितला. एकलव्यपुरता तीन सामन्यांचा नियम काढायचा आणि त्यांचे सगळे सामने तालुक्याच्या मैदानावर ठेवायचे. कुणाचं काही बिघडत नाही. मी म्हटलं, त्यांचं बिघडतं. आबा उठले. जाताना म्हणाले, "शिकवलं ती चूक झाली असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

आई मागच्या दारी धुणं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, नुसती कबड्डी तर खेळायची आहे, एका मैदानावर दोन तास, त्यात यांचं काय जातं. आईने हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली आणि चादरीपलीकडून म्हणाली, "खेळायचं कुणाला जड आहे? खेळ झाल्यावर जेवावं लागतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लीग सुरू झाल्यापासूनची रीत होती ती. सामना झाला की यजमान गाव पाहुण्या संघाला जेवू घालायचं, हरो वा जिंको. आमच्या घरी कितीतरी वेळा परगावच्या पोरांच्या पंगती बसल्या होत्या, आईने शेरांनी भात रांधला होता. एकलव्यची पोरंही गेल्या वर्षी आमच्याकडे येऊन गेली होती. मी आईला विचारलं, त्यांना कुठे बसवलं होतं. ती म्हणाली, गोठ्याच्या कडेला. आणि बादली घेऊन आत गेली.

ही गोष्ट कुठल्याच पत्रात नव्हती. असती तर मला सॉल्व्हरला सांगता आली असती.

पुढच्या शनिवारी दुपारी बैठक होती. मी दोन कागद घेऊन गेले. काळे दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी. चिखले सरांनी विचारलं, झालं का वेळापत्रक. मी म्हटलं, तुम्ही दिलेल्या अटींत ते होत नाही, आणि पहिला कागद वाचायला घेतला. नियम वाचला. मग एकेक गावाचं नाव घेऊन त्याची अट वाचली, शेवटी आमची. काहीही पुस्ती न जोडता. ते मैदान कोणतं, हेही मी बोलले नाही. पाचवी अट वाचून होईपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. खाली तालमीत कुणीतरी जोर मारत होतं, त्याचा श्वास वर ऐकू येत होता.

मग एकदम गलका झाला. हिवऱ्याचे प्रतिनिधी उभे राहून म्हणाले, की आमच्यावर आळ घेता का, आमची गाडी जुनी आहे. कारंजवाडीच्या त्या माणसाने आबांना विचारलं, की पोरीला हेच शिकवून आणलं का. बेलवंड्याचे म्हणाले, मशीन फेकून द्या, सर काढत होते तेच बरं होतं. चिखले सर टेबलावर हात आपटत राहिले. शेवटी ते म्हणाले, आबांनी त्यांना सकाळीच उपाय सुचवला आहे, एकलव्यचे सामने तालुक्याला ठेवू, काळे समजूतदार आहेत, त्यांची हरकत नसावी.

सगळ्यांनी काळ्यांकडे पाहिलं. ते बसूनच बोलले.

"जेवणाचं असेल तर तसं सांगा," ते म्हणाले. "आम्ही जेवा म्हणणार नाही. पण मैदान आमचं आहे, त्यावर खेळा."

त्या खोलीत इतकी वर्षं कुणी न बोललेली गोष्ट ते बोलले होते. एक जण खाकरला. कुणीतरी म्हणालं, छे छे, जेवणाचा काय संबंध. आणि मला दिसलं, की आता सर "ठीक आहे" म्हणतील, वहीत लिहितील आणि पुढच्या विषयाला जातील.

मी दुसरा कागद टेबलावर ठेवला.

"याची गरज नाही," मी म्हटलं. "वेळापत्रक तयार आहे. नांदवड्याने आपली अट मागे घेतली आहे. आमचा एकलव्यबरोबरचा सामना तिसऱ्या रविवारी माळावर आहे."

ही शुद्ध थाप होती. आयुष्यात मी आबांशी त्याआधी खोटं बोलले असेन, पण आबांच्या तोंडावर, त्यांच्याच नावाने, पंधरा माणसांसमोर कधीच नाही. त्यांना मला खोटं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर पुढचा प्रश्न आलाच असता, का नाही मागे घेतली? आणि काळे नुकतेच बोलून चुकले होते.

चिखले सरांनी पेन हातात धरून विचारलं, "हिंदुराव, घेतली का मागे?"

आबांची मान हलली नाही. ते माझ्याकडेही बघत नव्हते, काळ्यांकडेही नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत होते.

"लिहा," ते म्हणाले.

घरी परतताना जीप आबाच चालवत होते. फाटकाशी गाडी थांबवून, इंजीन चालूच ठेवून म्हणाले, "तिसऱ्या रविवारी मी येणार नाही. संघ घेऊन तूच जा. गाव आता तू चालवतेस."

मी गेले. सुट्टी वाढवून घेतली आणि गेले. कप्तान होता माझा चुलत भाऊ धैर्यशील. वाटेत गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. माळावर तारेचं कुंपण उभं होतं, पत्र्याची नवी खोली होती, आत आरसासुद्धा टांगलेला. आमच्या पोरांनी बाहेरच गाडीच्या आडोशाला कपडे बदलले. सामना वाईट झाला. ढकलाढकली, शिव्या, पंचांनी दोघांना बाहेर काढलं. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

काळ्यांनी शब्द पाळला. जेवा असं कुणी म्हणालं नाही. पण मैदानाच्या कडेला बाभळीखाली ताडपत्री अंथरलेली होती, चुलीवर मोठं पातेलं होतं आणि थाळ्यांची चळत मांडलेली होती. वस्तीच्या बायका तिथे उभ्या होत्या. बोलवत नव्हत्या, फक्त उभ्या होत्या. आमची पोरं त्यांच्या समोरून गेली आणि गाडीत बसली. धैर्यशील माझ्यापाशी आला, खाली बघत म्हणाला, "वने, चल."

मी म्हटलं, जेवून येते.

तो गेला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि गाडी फरशीवरून निघून गेली. मी ताडपत्रीवर बसले. पंधरा माणसांच्या थाळ्या मांडलेल्या आणि जेवायला मी एकटी. एका म्हातारीने भाकरी वाढली, कालवण वाढलं, सगळी वस्ती माझ्या घासाकडे बघत होती. मला भूक नव्हती. फार तिखट होतं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचंच आहे असं त्या म्हातारीने समजून घेतलं की नाही, मला माहीत नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी काळ्यांनी मोटारसायकलवरून मला गावच्या फाट्यापर्यंत सोडलं. गावात यायला मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आबा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी फोन केला की आईच्या हातात देत.

पुढच्या डिसेंबरात मुंबईच्या पत्त्यावर चिखले सरांचं पाकीट आलं. वेळापत्रक पुन्हा तुम्हीच काढावं अशी विनंती होती आणि सोबत आठ पत्रं. मी ती चाळली. जत्रा होती, परीक्षा होत्या. कुंपणाचं कुणी काही लिहिलं नव्हतं. हिवऱ्याच्या गाडीला फरशी चालत होती, सोनतळीला सत्तावीस किलोमीटर लांब वाटत नव्हते, बेलवंड्याच्या पोरांना कारखान्यातून वेळेवर सोडत होते. मी सगळं भरलं आणि बटण दाबलं. चहाला उठायचीसुद्धा वेळ आली नाही. एका सेकंदात अठ्ठावीस सामने पडद्यावर उभे राहिले. मला इतका आनंद झाला, की मी खोलीतल्या मैत्रिणीला हाक मारून ते दाखवलं.

पाकिटात आणखी एक कागद होता, बैठकीच्या ठरावाची प्रत. तो मी नंतर वाचला. "सामन्यानंतर यजमान संघाने पाहुण्या संघास भोजन देण्याची प्रथा वेळेअभावी यंदापासून बंद करण्यात येत आहे. प्रत्येक संघाने आपली व्यवस्था आपण करावी. ठराव एकमताने मंजूर. सूचक, हिंदुराव खराडे. अनुमोदक, लिंबाजी काळे."

मी काळ्यांना फोन लावला. वस्तीत एकच फोन होता, ते येईपर्यंत धरून बसले. त्यांना विचारलं, तुम्ही का सही केली.

"पोरांना खेळायचंय, ताई," ते म्हणाले.

मी वेळापत्रक पाठवून दिलं. यालाही आता सोळा वर्षं झाली. लीग अजून चालते, भांडणं होत नाहीत, मी लिहिलेला तो प्रोग्राम चिखले सरांचा नातू चालवतो. ठरावाच्या पहिल्या वर्षी काय झालं ते मला धैर्यशीलने सांगितलं होतं. माळावर चार सामने झाले. चारही संघ वेळेवर आले, नव्या खोलीत कपडे बदलून खेळले, आणि सामना झाल्यावर आपापल्या गाडीच्या सावलीत बसून, घरून आणलेले डबे उघडून जेवले.